अर्धा फूट कमी

आमच्या मंडळीत बाप्तिस्म्याच्या दिवशी टॉवेल धरायचं काम माझं होतं. सात वर्षं ते मी दुसऱ्या कोणाला करू दिलं नाही. माणूस पाण्यातून वर आला की त्याच्या खांद्यावर टॉवेल टाकायचा, हात धरून खाली उतरवायचं. लोकांना वाटायचं, उपदेश करणारा माणूस असून किती नम्र. खरं कारण एवढंच होतं की ज्याच्या हातात टॉवेल असतो, त्याला पाण्यात उतर असं कोणी म्हणत नाही.

मंडळी गाझियाबादला भरायची, एका खाजगी शाळेच्या तळघरात. शहराच्या कडेला तेव्हा नव्या सोसायट्या उठत होत्या आणि कुठकुठली माणसं तिथे राहायला येत होती. ओडिशाची, आंध्राची, मिझोरामची, आणि आम्ही नगरकडचे दोघं नवराबायको. पहिल्या रविवारी सहाजण होतो. मी घरोघर फिरून ती सत्तरवर नेली. मानेसरला कारखाने उभे राहत होते, त्यांना मी रबराचे सुटे भाग पुरवायचो. आठवडाभर खरेदीच्या साहेबांशी घासाघीस, आणि रविवारी उपदेश. बायबल कॉलेजचं तोंड मी पाहिलेलं नव्हतं. पण बोलता येत होतं, आणि लोक ऐकत होते.

शाळेत पक्का हौद बांधायची परवानगी नव्हती. म्हणून मी लोखंडी सांगाड्यावर जाड रबरी कापडाचा, घडी करून ठेवता येणारा हौद बनवून घेतला. बाप्तिस्मा द्यायला दिल्लीतल्या द्वारकेचे थोरले पाळक यायचे. त्यांना पाळकपणाची दीक्षा होती, मला नव्हती. त्यांनी सांगितलं होतं, चार फूट खोल हवा आणि माणूस आडवा मावेल इतका लांब. मी कारागिराकडून साडेतीन फुटांचा करून घेतला आणि लांबीतही कात्री लावली. थोरल्या पाळकांना सांगितलं, शाळेची जमीन इतकं वजन घेणार नाही. जमिनीचा काही संबंध नव्हता. चार फूट पाण्याकडे माझ्याने बघवत नव्हतं.

मी आठ वर्षांचा असताना आमच्या गावी चुलता पोरांना विहिरीत पोहायला शिकवायचा. पाठीला वाळका भोपळा बांधायचा आणि सोडायचं, अशी पद्धत. भोपळा बांधून रडणाऱ्या एका पोराला मी हसलो. चुलत्याने मला उचललं आणि भोपळ्याशिवाय टाकलं. किती वेळ खाली होतो माहीत नाही. हिरवं दिसत होतं, मग काळं दिसायला लागलं, एवढं आठवतं. तेव्हापासून आंघोळीला डोक्यावर तांब्या घेताना मी डोळे मिटत नाही. साबण झोंबला तरी नाही.

तर मंडळीने ठरवलं की आता मलाच दीक्षा मिळावी. म्हणजे बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन द्यायला दरवेळी द्वारकेहून कोणी यायला नको. आमच्या बॅप्टिस्ट लोकांत दीक्षेआधी आसपासच्या मंडळ्यांचे पाळक एकत्र बसतात आणि उमेदवाराला सगळ्यांसमोर प्रश्न विचारतात. तुमची साक्ष काय, म्हणजे विश्वासात कसे आलात, देवाचं पाचारण कसं झालं, तारणाबद्दल काय शिकवता. कोणीही काहीही विचारू शकतो. मग ते मत देतात.

द्वारकेच्या चर्चमध्ये दहा पाळक ओळीने बसले होते. मागे आमच्या मंडळीतली पंधरावीस माणसं, त्यांत माझी बायको. मला मोठमोठ्या साहेबांसमोर बसायची सवय होती. जेवढं विचारलं तेवढंच सांगायचं, हा माझा धंद्यातला नियम. दोन तास सगळं नीट चाललं. एकाने शास्त्रातला अवघड मुद्दा काढला, त्याचं उत्तर मी असं दिलं की मिझो मंडळीचे तरुण पाळक हसून म्हणाले, "इनसे तो हमें पढ़ना चाहिए."

थोरले पाळक तोपर्यंत गप्प होते. तेलुगू माणूस, साठीचे, आवाज कधी चढायचा नाही. चष्मा पुसत ते म्हणाले, "ब्रदर, एक छोटा सवाल. आपका बपतिस्मा कब हुआ?"

हा प्रश्न मला सात वर्षांपूर्वी यायला हवा होता. मी मंडळीत आलो तेव्हा नगरच्या चर्चचं पत्र आणलं होतं: बाप्तिस्मा झालेला, चांगल्या वर्तणुकीचा सभासद. आमच्या तेव्हाच्या म्हाताऱ्या सेक्रेटरींनी ते वाचलं आणि फायलीत लावलं. नगरला तान्ह्या मुलांना पाणी शिंपडून बाप्तिस्मा देतात, आणि बॅप्टिस्टांना चालतो तो मोठेपणी स्वतः मागितलेला, पाण्यात पूर्ण बुडवून दिलेला, हे त्यांच्या डोक्यात आलं नाही. माझ्या आलं होतं. मी बोललो नाही.

"बचपन में," मी म्हणालो.

"कितने बचपन में?"

"चालीस दिन का था."

"और पानी?"

"पाळकांच्या ओंजळीतलं," मी मराठीतच म्हणालो, आणि हाताची ओंजळ करून दाखवली. ती हलत होती.

थोरल्या पाळकांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "तो भाई, हमारे हिसाब से वह बपतिस्मा हुआ ही नहीं."

मी उठलो. काय काय बोललो ते सगळं आठवत नाही, पण ओरडलो हे नक्की. माझे वडील मिशनच्या शाळेत मास्तर होते. मला हातात घेऊन त्यांनी देवासमोर शब्द दिला होता आणि त्या शब्दासारखं ते जन्मभर वागले. तो शब्द हे दहाजण खुर्चीत बसून रद्द करणार? मी म्हणालो, "सात साल मेरा उपदेश चला, तब किसी ने नहीं पूछा! आज सबके सामने पूछते हो?" मागे आमची माणसं खाली बघत बसली होती. त्यांत मीच घडी उलगडून दिलेल्या हौदात बुडून वर आलेले अकराजण होते.

पाळकांनी आपसात बोलून निर्णय पुढे ढकलला. महिनाभराची मुदत दिली. जेवण तयार होतं, राजमा आणि भात. मी न जेवता निघालो.

यमुनेच्या पुलावर बायकोने गाडीची काच वर केली. मग म्हणाली, "अहो, मामंजींचा अपमान झाला असं तुम्हाला वाटलं, ते खरं आहे. मी नाही म्हणत नाही."

"मग?"

"पण तुमचे हात त्यांनी प्रश्न विचारायच्या आधीपासून थरथरत होते."

"उगाच काहीतरी बोलू नकोस."

"बावीस वर्षं तुमची आंघोळीची बादली मी भरतेय. अर्ध्यापेक्षा जास्त भरलेली तुम्हाला चालत नाही. मला कळत नाही का?"

मी म्हणालो, समोर बघू दे, ट्रक आहे. ट्रक नव्हता.

त्या महिन्यात मला झोप नीट लागली नाही. दीक्षा गेली तर गेली, हे मी स्वतःला समजावू शकलो असतो. पण माझ्या लक्षात आलेलं होतं, की बाप्तिस्मा नाही तर मी सभासदच नाही. आणि सभासद नाही तर त्या उपदेशाच्या टेबलामागे उभं राहायचा मला हक्क काय? सहाची सत्तर केलेली मंडळी, आणि मी तिथे पाहुणा. रविवारी उपदेश करताना समोरच्या प्रत्येक चेहऱ्यावर मला तोच प्रश्न दिसायचा. आणि त्यावरचा उपाय म्हटलं की कानांत विहिरीचं पाणी शिरायचं.

शेवटी मी सौदा करायला गेलो. थोरले पाळक द्वारकेत एका सोसायटीच्या चौथ्या मजल्यावर राहायचे. त्यांनी स्वतः कॉफी केली. मी सरळ विषय काढला. म्हणालो, माझ्या वडिलांचा मान राहील आणि तुमचाही राहील असं काहीतरी करू. मी हौदात बसतो, तुम्ही घागरीने वरून ओता. एक घागर, दोन घागरी, पाहिजे तर पाच. नखशिखांत भिजेन. भिजण्यात कसर ठेवणार नाही.

"भाई, इसमें घागर नहीं होती."

"तो दीक्षा रहने दीजिए. मैं बस उपदेश करता रहूँगा."

"किस हैसियत से?"

मी परत वडिलांवर आलो, आवाज चढवला, हे त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आपके पिताजी का विश्वास सच्चा था. मैं उस पर उँगली नहीं उठाता. पर वह उनका था. आप इतना घबराए हुए क्यों हैं?"

धंद्यात मी कधी आपली अडचण आधी सांगितली नाही. ज्याने सांगितली त्याचा भाव पडला. पण त्या खोलीत मला दुसरं काही सुचेना. मी म्हणालो, "मुझे पानी से डर लगता है." आणि विहीर सांगितली. चाळीस वर्षांत पहिल्यांदा, बायकोलासुद्धा सांगितली नव्हती ती.

ते हसले नाहीत. कॉफी बाजूला ठेवून म्हणाले, "मैं पकड़ूँगा. दो तक गिनूँगा और उठा लूँगा."

"डेढ़," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "ठीक है. डेढ़."

बाप्तिस्मा आमच्याच तळघरात ठरला, आमच्याच हौदात. दहातले सहा पाळक साक्षीला आले. उमेदवाराने आधी साक्ष द्यायची असते. मी सगळं सांगितलं: पत्र, सेक्रेटरी, माझं गप्प राहणं. भीतीचं मात्र सांगितलं नाही. ते सांगायची गरजही नव्हती. पांढरा झब्बा घालून मी हौदाच्या शिडीवर उभा राहिलो तेव्हा शिडी वाजत होती. माझ्या पायांनी.

पाणी कमरेच्या खाली होतं. तेवढ्यानेच श्वास अडला. रबरी कापडाचा वास, वर ट्यूबलाइट, आणि कडेला टॉवेल घेऊन बायको. थोरल्या पाळकांनी एक हात माझ्या मानेमागे ठेवला, दुसऱ्याने माझ्या नाकावर रुमाल धरला. कानात हळू म्हणाले, "डेढ़." मी त्यांचं मनगट असं आवळलं की त्यांच्या चेहऱ्यावर कळ उमटली. मग ट्यूबलाइट तिरपी झाली आणि पाणी माझ्यावर मिटलं. मी डोळे उघडे ठेवले होते. हिरवं नव्हतं, पांढरं होतं. तरी मी मेलोच असं वाटलं. आणि मग मी वर होतो, खोकत होतो, आणि सत्तर माणसं गायला लागली होती.

गाणं चाललेलं असताना मिझो पाळक पुढे आले आणि अवघडून थोरल्या पाळकांना म्हणाले, "पास्टर जी... घुटने."

गाणं थांबलं. आमच्या मंडळीत माझ्याएवढा उंच कोणी नव्हता. बाकी सगळे त्या हौदात मावले होते. मला मागे झोपवलं तेव्हा पाय पसरायला जागा उरली नव्हती, आणि दोन्ही गुडघे पाण्याच्या वर राहिले होते. संपूर्ण माणूस पाण्याखाली गेला पाहिजे, यावर तर आमची सगळी शिकवण उभी.

थोरल्या पाळकांनी माझ्याकडे पाहिलं. माझे दात वाजत होते. ते मोठ्याने म्हणाले, "मेरा ध्यान चेहरे पर था. मैंने घुटने नहीं देखे." आणि थांबले. जो माणूस दहा पाळकांसमोर मला सोडायला तयार नव्हता, तो सत्तर जणांसमोर मला सोडवत होता. मला फक्त गप्प राहायचं होतं. गप्प राहण्यात माझा हात धरणारा कोणी नाही.

पण मला माहीत होतं. मी खाली असताना गुडघ्यांना पंख्याचा वारा लागला होता. तेवढा एकच भाग बाहेर आहे, हे मला तेव्हाच कळलं होतं आणि त्याचा मला केवढा आधार वाटला होता, हेही.

"सूखे थे," मी म्हणालो. "फिर से."

दुसरी वेळ पहिलीपेक्षा वाईट होती. आता काय होणार ते ठाऊक होतं. मला हौदात तिरकं वळावं लागलं, पाय कोपऱ्यात दुमडावे लागले, आणि मिझो पाळकांनी पॅन्ट न दुमडताच आत उतरून माझे गुडघे खाली दाबले. मानेवर एक हात, गुडघ्यांवर दोन. विहिरीत तरी कोणी दाबून धरलं नव्हतं. दीड म्हणे, दीड नव्हतं ते. पुरते तीन झाले. मी मोजले.

बाहेर आलो. बायकोने टॉवेल डोक्यावरून टाकला, आत तोंड घालून माझे कान पुसायला लागली आणि हळूच म्हणाली, "कारागिराकडून अर्धा फूट कमी करून घेतला होता ना?"

"गप्प बस."

"चार फुटांचा असता तर एकदाच भागलं असतं."

तिला हसू आवरत नव्हतं आणि डोळ्यांतून पाणीही येत होतं. मी टॉवेलखालीच थांबलो. तिथे कोणी बघत नव्हतं.

पुढच्या आठवड्यात पाळकांनी मत दिलं, एकही विरोधात गेलं नाही. दीक्षेच्या दिवशी थोरल्या पाळकांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला तेव्हा त्यांच्या मनगटावर माझ्या बोटांचे वळ अजून पिवळे दिसत होते. त्यांनी मला आधी घरी बोलावून, एकट्याला विचारायला हवं होतं. हे मी त्यांना त्या दिवशीही सांगितलं आणि नंतरही सांगत राहिलो. "हाँ भाई, पूछना चाहिए था," ते दरवेळी म्हणायचे. माफ मी अजून केलेलं नाही.

आणि मग पुढच्या बाप्तिस्म्याला मला स्वतःलाच पाण्यात उतरायचं होतं, दुसऱ्याची मान धरून. पंजाबी कुटुंबातली एक बाई होती, कारखान्यात शिलाई करणारी. शिडीवर आल्यावर तिचे ओठ निळे पडले. तिने विचारलं, "पादरी साहब, आपको डर नहीं लगता?"

मी मनगट पुढे करून म्हणालो, "लगता है. मेरी कलाई पकड़ो."