सत्यभामाबाईचा पिनबॉल

बोरी अरबच्या बाजारओळीत वानखडेंची पिठाची चक्की आहे. नाव नवऱ्याचं, उकंडाभाऊंचं. ते दळण तोलतात, पीठ चाळतात आणि गिऱ्हाइकांशी गप्पा मारतात. पण पट्टा तुटला, स्टार्टर अडकला, मोटर तापली की पान्हा घेऊन उठते ती सत्यभामाबाई. पंचावन्न वर्षांची, उंच, पिठानं भुवया कायम पांढऱ्या.

उन्हाळ्यात ती मुलीकडे नागपूरला गेली होती. मोटरचं बेअरिंग शोधत भंगारबाजारात फिरताना तिला ते यंत्र दिसलं. बंद पडलेल्या कुठल्याशा गेमच्या दुकानातलं पिनबॉल. काचेखाली उतरती रंगीत फळी, मध्ये लुकलुकणारे खांब, खालच्या टोकाला दोन पट्ट्या. बाजूचं बटण दाबलं की पट्टी उडते आणि घरंगळत आलेली पोलादी गोळी पुन्हा वर भिरकावते. भंगारवाल्यानं वायर लावून दाखवली. दिवे लागले. उजवी पट्टी खाडकन उडाली. डावीचं बटण दाबताच आत 'फट' झालं आणि दोन्ही पट्ट्या मेल्या.

"असंच होते याचं. फ्यूज बदलला का पुन्हा उडते," तो म्हणाला.

"उडू द्या," बाई म्हणाली आणि यंत्र टेम्पोत चढवायला लावलं.

"हे कायले आणलं वं?" उकंडाभाऊंनी विचारलं.

"खेळाले."

"कोणी खेळाचं?"

"मी. लहानपणी कापूस वेचला, मंग चक्की धरली. आता मले खेळाचं हाय."

उकंडाभाऊंनी चक्कीच्या कोपऱ्यातली पोती हलवून जागा केली, आणि फ्यूजच्या जागी घालायला जाड तार शोधून आणली.

"ते ठेवा तिकडं," बाई म्हणाली. "जाड तार घातली तर फ्यूज वाचन, आतलं सारं जयन."

तिनं फळी उचलून टेकवली. खाली तारांचं जंगल होतं, पण पट्ट्यांशी पोचल्यावर तिला हसू आलं. प्रत्येक पट्टीमागे तांब्याच्या तारेची एक कॉइल होती, स्टार्टरमध्ये असते तशीच. तिनं मीटर आधी चांगल्या उजव्या कॉइलला लावला, मग डावीला. डावीचा आकडा जवळजवळ शून्यावर आला. आत तार तारेला चिकटली होती.

डावी कॉइल सोडवून तिनं एकेक फेरा उलगडला. ती मोजत होती, उकंडाभाऊ कोळशानं भिंतीवर रेघा मारत होते. आत दोन गुंडाळ्या निघाल्या, एक जाड तारेची, एक बारीक. तशाच तारा आणून तेवढेच फेरे तिनं पुन्हा भरले, वॉर्निश दिलं, वाळवलं.

नवा फ्यूज घातला. डावी पट्टी उडाली! उकंडाभाऊंनी टाळी वाजवली. बाईनं बटण धरून ठेवलं, पट्टी वरच उभी राहिली. आणि मग तिच्या नाकात वास शिरला. मोटर जळण्याआधी येतो तो वास. तिनं झटकन प्लग ओढला. कॉइलला हात लावला तर चटका बसला.

ती पोत्यावर बसली. डोळ्यांत पाणी आलं.

"राहू दे," उकंडाभाऊ हळूच म्हणाले. "तसंच शोभेले ठेवू."

"नाही," ती म्हणाली. "पयली कॉइल जयली, हे थोडक्यात वाचली. पण तिले जाळलं कोणी?"

तिनं प्लग काढलेलाच ठेवून हातानं उजवी पट्टी वर केली. पट्टी टोकाला पोचताच मागचे दोन पत्र्याचे पॉइंट एकमेकांपासून सुटले. पुन्हा केली, पुन्हा सुटले. डावी वर केली. तिचे पॉइंट वितळून एकजीव झाले होते, सुटतच नव्हते. तेव्हा तिला कळलं. जाड गुंडाळीचं काम फक्त झटका देण्याचं. पट्टी वर गेली की पॉइंट उघडून ती बंद व्हायची आणि बारीक गुंडाळी पट्टी धरून ठेवायची. पॉइंट चिकटल्यानं जाड गुंडाळी बंदच होत नव्हती, तापत राहत होती.

तिनं पॉइंट सोडवले, बारीक कानसीनं घासून चकचकीत केले, उजवीइतकीच फट ठेवली. प्लग लावून डावं बटण दाबून धरलं. धरूनच ठेवलं. उकंडाभाऊ वाकून वास घेत राहिले.

"काहीच नाही!" ते ओरडले. "थंडगार हाय!"

बाजाराच्या दिवशी तांड्यावरची रुपीबाई ज्वारी घेऊन आली तेव्हा चक्की बंद होती आणि आतून घंट्या वाजत होत्या. ती दारातच थबकली. सत्यभामाबाई पदर खोचून यंत्राला भिडली होती. गोळी खांबावर आपटायची, दिवे भडकायचे, आकडा चढायचा. गोळी डावीकडून सुसाट खाली आली. बाईनं पट्टी उचलून ती अलगद झेलली, क्षणभर धरली आणि सोडून असा टोला हाणला की गोळी थेट वरच्या कमानीतून आरपार गेली. सगळं यंत्र एकदम वाजू लागलं. बाईही ओरडली, इतक्या मोठ्यानं की समोरचा भाजीवाला उठून आला.

"ए याडी, माय वं!" रुपीबाई ज्वारी खाली ठेवून पुढे सरकली. "मले बी दाबू दे न, बाई!"

"थांब वं," सत्यभामाबाई नजर न हलवता म्हणाली. "माही गोळी अजून वरच हाय."