भावाच्या जर्स्या

थोरला भाऊ गेला त्यानंतरच्या उन्हाळ्यात वहिनींनी मला कोथरूडला बोलावून घेतलं. फ्लॅट विकून त्या मुलीकडे बंगळुरूला राहायला जाणार होत्या. हॉलमध्ये खोकी बांधून तयार होती आणि कोपऱ्यात जुन्या सतरंजीत बांधलेलं एक गाठोडं होतं.

"भाऊजी, हे तुम्ही न्या," त्या म्हणाल्या. "मला टाकवतही नाही आणि तिकडे नेऊन ठेवायला जागाही नाही."

गाठोड्यात कबड्डीच्या जर्स्या होत्या. भाऊ तरुणपणी चढाईपटू होता. सामना संपला की समोरच्या संघातल्या एखाद्याची जर्सी मागून घ्यायची आणि आपली त्याला द्यायची, ही त्याची जुनी खोड. कबड्डीत असं दुसरं कुणी करत नसे. मी तेव्हा बँकेच्या नोकरीत गावोगाव फिरत होतो, त्यामुळे त्याला खेळताना फारसं पाहिलंच नाही. बदलीच्या गावी त्याचं पत्र यायचं, त्यात जिंकलेल्या सामन्यांचं वर्णन असायचं.

मी लग्न केलं नाही. निवृत्त झाल्यावर वारज्यात एक छोटा फ्लॅट घेतला आणि दर रविवारी भावाकडे जेवायला जायचं ठरून गेलं. तो गेल्यावर रविवारी दाढी करायलाही कारण उरलं नाही.

गाठोडं आणून पलंगाखाली ठेवलं. पुढे पावसाळ्यात वास यायला लागला म्हणून उघडलं, तर दोन-तीन जर्स्यांवर बुरशीचे ठिपके. सगळ्या धुऊन खोलीभर दोऱ्या बांधून वाळत घातल्या. कुणाच्या पाठीवर कापडी आकडा हाताने शिवलेला, कुणाचा खांदा पकडीत फाटलेला. वाळल्यावर पुन्हा गाठोडं बांधायला मन होईना. भिंतीवर लावू या, असं मनात आलं.

फ्रेमवाल्याकडे चौकशी केली आणि भाव ऐकून मुकाट्याने परत आलो. मग स्वतःच करायला घेतलं. पहिली जर्सी पुठ्ठ्यावर स्टेपल केली. चार दिवसांत ती खांद्यातून अशी लोंबली की मान खाली घालून उभ्या असलेल्या माणसासारखी दिसायला लागली. काढून टाकली. दुसऱ्या वेळी पुठ्ठा छाती-खांद्यांच्या आकारात कापला, त्यावर जुन्या धोतराचं मऊ कापड गुंडाळलं आणि जर्सी त्याला चढवली. खांद्याच्या शिवणीत लपतील असे बारीक टाके घातले. टाके मला कुठले येणार? बोटं टोचून टोचून जमले.

पेटीसाठी मार्केट यार्डातून सफरचंदांची रिकामी खोकी आणली. त्यांच्या फळ्या घासून उथळ चौकटी केल्या. समोर काच जड झाली असती, म्हणून दुकानांच्या पाट्या बनवणाऱ्याकडून उरलेले ॲक्रिलिकचे तुकडे मागून आणले. मागच्या बाजूला कापराची पुरचुंडी ठेवली. फाटलेला खांदा मात्र शिवला नाही, तसाच राहू दिला.

ठोकाठोकी ऐकून सोसायटीचे सेक्रेटरी वर आले. दारातूनच भिंतीकडे बघून म्हणाले, "लाँड्री काढलीत वाटतं? सोसायटीची परवानगी लागते."

मी त्यांना आत बोलावलं. चहा दिला. म्हणालो, "माझ्या भावाने जिंकलेले सामने आहेत हे."

"असं होय," म्हणाले, आणि चहा संपवून गेले. त्यानंतर बरेच दिवस त्या भिंतीसमोर कुणी बसलं नाही. मीच बसायचो. एकेका पेटीपुढे खुर्ची सरकवून, आत कोण माणूस असेल याचा अंदाज करायचो.

एका हिरव्या जर्सीवर तालमीचं नाव भरतकामाने काढलेलं होतं. तालीम पूर्वेकडच्या पेठांतली. एके दिवशी बस पकडून गेलो. तिथल्या पोरांनी जर्सीवरचा आकडा ऐकला आणि मला गल्लीतल्या पत्र्याच्या पेट्यांच्या दुकानात पाठवलं. दुकान मुलगा चालवत होता. वडील मागे खाटेवर बसले होते. पांढरी दाढी, गुडघ्याला पट्टा. मी भावाचं वर्णन केलं, गेल्याचंही सांगितलं. त्यांनी खाटेवर सरकून जागा केली.

"या, बसा," ते म्हणाले. "तुम्ही धाकटे का? तुमच्याबद्दल बोलायचा. साहेब झालाय म्हणायचा."

"तुमची जर्सी माझ्याकडे आहे. पेटीत लावलीय."

"आणि त्याची माझ्याकडे होती. खूप घातली. मग विरली, आणि दुकानात ग्रीस पुसायला गेली. तुमच्याशी खोटं कशाला बोलू?" ते हसले आणि लगेच हसू आवरलं. "त्या दिवशी आम्ही त्याला धरून ठेवला होता. शेवटच्या चढाईत मीच पाय पकडला."

"म्हणजे तो हरला होता?"

"अहो, तो हरल्यावरच मागायचा. जिंकल्यावर कधीच नाही. मी विचारलंही होतं. म्हणाला, जिंकून मागितली तर समोरच्याला डिवचल्यासारखं होतं. आज तू चांगला खेळलास, म्हणून मागतो."

परतीची बस पकडली. घरी आलो, दिवा लावला आणि भिंतीकडे पाहिलं. इतक्या वेळा हरला होता तो. आणि त्यातलं काहीच मला कधी लिहिलं नव्हतं.

वहिनींना फोन केला. त्या शांतपणे म्हणाल्या, "मला माहीत होतं की. हे हरून आले की आधी ती जर्सी स्वतःच्या हाताने धुवायचे. मग जेवायचे. तुम्हाला कळू द्यायचं नाही. म्हणायचे, तो एकटा असतो तिकडे, त्याला चांगलंच कळवावं."

फोन ठेवून मी खुर्ची पुन्हा पहिल्या पेटीपुढे सरकवली.

थंडी पडल्यावर एका रविवारी ते दुकानातले आजोबा आले. मुलगा सोडायला येतो म्हणाला होता, पण ते बसनेच आले. गुडघ्यामुळे जिन्यात दोनदा थांबले. आपली हिरवी जर्सी पाहून ॲक्रिलिकवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "एवढा बारीक होतो मी?"

मी म्हणालो, "तुम्ही घेऊन जा, तुमचीच आहे."

"नको. आमच्याकडे कोण बघणार? इथे तुम्ही बघता."

मग खुर्चीवर बसून त्यांनी एकेक पेटी ओळखायला सुरुवात केली. हा लाथ मारून पळायचा. हा मिलमध्ये होता. हा गेला. हाही गेला. काही त्यांना ओळखू येईनात. मी भात-आमटी केली होती, ती आम्ही दोघं जेवलो. जेवताना ते भावाची चढाई हाताने ताटाभोवती करून दाखवत होते.

चार वाजता मी त्यांना स्टॉपवर सोडायला गेलो. बस आली, त्यांनी वर चढून दांडा धरला आणि मागे न बघताच हात हलवला. बस गेली. लगेच घरी जावंसं वाटेना, म्हणून कोथरूडच्या दिशेने उगाच चालत निघालो. भावाच्या सोसायटीपर्यंत आल्यावर दिसलं, त्याच्या गॅलरीत कुणाच्या तरी लहान मुलाचे कपडे वाळत होते.