ह्यांच्यासमोर विचारलेला प्रश्न

गॅसवर चहा उकळत होता, शिलाई मशिनवर कुणाचासा कोट अस्तर वर करून पालथा पडला होता आणि उसवणकाकू एका हातात पाण्याचा पेला, दुसऱ्या तळहातावर कॅप्सूल घेऊन आरशासमोर उभी होती. ओठ असे सुजले होते, की स्वतःचं तोंड परक्याचं वाटावं.

काल दाढ काढली होती. दाढ काढली की गाल सुजतो, हे तिला मान्य होतं. पण दोन्ही दंडांवर गांधी कशाला उठाव्यात? दाढ काही दंडात नव्हती. भुलीचं इंजेक्शनच शिळं असणार, असा तिचा कयास होता.

अख्खी गल्ली तिला उसवणकाकू म्हणायची. तसं कारणच होतं. अल्टरला आलेल्या कपड्याची आधीच्या शिंप्याची शिवण ती उसवल्याशिवाय सुई धरत नसे. "दुसऱ्याच्या टाक्यावर मी टाका घालायचा, आणि फाटलं की बोल मला?" माणसांच्या बाबतीतही तेच. दूधवाल्याने चार थेंब जास्त घातले, तर ती दूध उजेडाला धरून बघायची.

"अगं, गिळ ना ती. आरशाला काय दाखवतेस?" काका पेपरमागून म्हणाले.

तेवढ्यात दार वाजलं. वाजलं कसलं, धडधडलं.

दारात दातांचा डॉक्टर. हातात हेल्मेट, कपाळावर घाम, आणि शर्टाचं प्रत्येक बटण एक काज सोडून लावलेलं. काकूची नजर आधी बटणांवर गेली. इतक्या घाईने घराबाहेर पडलेला माणूस एक तर काही लपवायला आलेला असतो, नाहीतर निस्तरायला.

"काकू, सकाळची कॅप्सूल घेतलीत?" नमस्कार नाही, चमत्कार नाही.

काकूने मूठ घट्ट मिटली. "का? काय घातलंत तिच्यात?"

"घेतली नाही ना? मग खालीच ठेवा. दुखण्याची गोळीसुद्धा बंद."

"पण तुम्हाला इथे बोलावलं कुणी?"

काकांनी पेपर हळूच खाली घेतला. "मघाशी डॉक्टरांचा घरून फोन आला होता. दाढ काढली की दुसऱ्या दिवशी विचारतात म्हणे. मी आपली गंमत केली. म्हटलं, दाढ बरी आहे, पण मंडळी फुग्यासारखी फुगलीय."

"आणि फोन ठेवून दिलात," डॉक्टर म्हणाला. "माझ्या हातातला ब्रश तिथेच राहिला, काका."

त्याने काकूला खिडकीशी बसवलं. जीभ बाहेर काढायला लावली, आवंढा गिळायला लावला. श्वास लागतोय का, घसा आवळल्यासारखा वाटतो का, असं पुन्हा पुन्हा विचारलं. वाटत नव्हतं. "तरी हॉस्पिटलात जायचंच. ओठ सुजलेत, तेव्हा घशावर लक्ष ठेवायला हवं."

"म्हणजे चूक तुमची," काकू म्हणाली.

"असेलही. म्हणून तर विचारतोय. पूर्वी कधी एखादं औषध बाधलं होतं?"

"छे छे!" उत्तर काकांनी दिलं, काल दवाखान्यात दिलं होतं तसंच. "आमची ही दगड पचवेल. आमच्या आईने पारखून आणलेलं खणखणीत नाणं आहे. काय गं?"

काल काकूने आ वासलेल्या तोंडाने मान हलवली होती. आज म्हणाली, "नाही बाधलं."

डॉक्टर तिच्याकडे बघत राहिला. परक्या शिवणीकडे ती स्वतः बघायची ना, अगदी तसं. तिला ते मुळीच आवडलं नाही.

"काकू, औषधं दोन आहेत. गुन्हेगार कोणतं ते कळलं नाही, तर पुढे कुणीतरी तेच पुन्हा देईल. तेव्हा नुसता ओठ सुजून भागणार नाही. श्वास अडकेल."

काकूने मूठ उघडली. कॅप्सूल घामाने चिकटली होती.

"अहो," ती काकांना म्हणाली, "रिक्षा घेऊन या. कोपऱ्यावरच्याची नको, त्याचं मीटर पळतं."

काकांच्या चपला जिन्यावरून पार खाली उतरेपर्यंत ती थांबली. मग दाराकडे एकदा बघून बोलू लागली. आवाज इतका बारीक, की डॉक्टरला खुर्ची पुढे ओढावी लागली.

"लग्नाआधीची गोष्ट. तापात एक औषध दिलं होतं. अंगभर अशाच गांधी, आणि श्वास बंद व्हायची वेळ आली. माहेरच्या डॉक्टरांनी आईला बजावलं, पोरीला पेनिसिलिन पुन्हा देऊ नका. तेव्हा माझं ह्यांच्या घरी ठरत आलेलं. आईने शपथ घातली, की हे माहेरीच पुरायचं. अंगात खोट आहे म्हटल्यावर कोण करून घेतं? सासूबाईंनी खणखणीत म्हणूनच पसंत केली. हे अजून तेच सांगत फिरतात. मग मी खोटी ठरू?"

"आणि इतकी वर्षं?"

"इतकी वर्षं प्रत्येक पाकिटावरचं नाव वाचते. ह्याच्यावरचंही वाचलं, चष्मा लावून. पेनिसिलिन लिहिलेलं नव्हतं. म्हणून काल रात्री घेतली."

डॉक्टरने कपाळाला हात लावला. "नाव वेगळं आहे काकू, पण कूळ तेच. हे त्याचंच भावंड."

काकूने कॅप्सूल खिडकीत ठेवून दिली. कालपासून तिने डॉक्टरवर संशय घेतला होता, भुलीच्या इंजेक्शनवर घेतला होता, औषधवाल्यावरही. हे नाव तर तिने स्वतः पारखून पास केलं होतं.

"हॉस्पिटलात हे सगळं सांगायला हवं," डॉक्टर म्हणाला. "काकांना कळेलच."

"कळू दे. रिक्षात मीच सांगेन. फार तर फुगून बसतील. फुगू देत, आज जोडी जमेल." तिला हसायचं होतं, पण ओठ जागचा हलेना. "तुम्ही आधी बटणं नीट लावा. अशा अवतारात हॉस्पिटलवाले तुमचं काय ऐकणार?"

डॉक्टरने खाली बघितलं आणि मुकाट्याने बटणं सोडायला लागला. "पण काल एक शब्द बोलला असतात तर—"

"काल हे माझ्या खुर्चीला टेकून उभे होते."

खालून रिक्षाचा हॉर्न वाजला. काकूने चहाखालचा गॅस बंद केला, खांद्यावर शाल घेतली आणि दाराशी थांबली.

"डॉक्टर, एक काम करा माझं. पुढच्या वेळी कुणा बाईला हा प्रश्न विचाराल ना, तेव्हा सोबत आलेल्या माणसाला आधी बाहेर बसवा."