धामणीने धरलेला अंगठा
परवा माळ्यावर कोंबड्यांच्या औषधाचा जुना डबा सापडला. झाकण उघडताच त्या पिवळ्या पावडरचा कडवट वास आला आणि माझ्या उजव्या अंगठ्यात जुनी कळ उठली. काही वर्षांपूर्वी मुरबाडजवळच्या आमच्या पोल्ट्रीत खाद्याच्या गोणीमागे धामण निघाली होती. ती उंदरांसाठी आलेली. मी मात्र जावयापुढे मर्दुमकी दाखवायला तिला हाताने धरायला गेलो आणि तिनेच माझा अंगठा धरला. "बिनविषारी हाय, काय नाय होत," असं सगळ्यांना ऐकवून मी वर हळद दाबली. तिसऱ्या दिवशी अंगठ्याचं वांगं झालं. शहापूरच्या दवाखान्यात दोन औषधं बदलली, तरी सूज मनगटाकडे चढतच होती. पू तपासल्याचा कागद वाचून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सापाच्या तोंडातले जंतू दिसतात. नेहमीच्या औषधांना दाद देत नाहीत. या इंजेक्शनने उतार पडला नाही, तर अंगठा काढावा लागेल." मग त्यांनी विचारलं, "कोंबड्यांना पाण्यातून काय देता?" मी पंख्याकडे पाहिलं. बायको म्हणाली, "सांगा की. आजारी नसल्या तरी रोज चमचाभर औषध घालतात, मॅडम. मी नको बोलले तर म्हणतात, तुला काय कळतंय गो." डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या, "जंतूंना औषधाची सवय तिथेच लागली असेल. कोंबडीकडून उंदराला, उंदराकडून सापाला." दोन दिवस मी नुसता अंगठ्याकडे बघत पडून होतो. तिसऱ्या दिवशी सूज ओसरली. अंगठा राहिला, फक्त वाकत नाही. परवा खालून बायकोने विचारलं, "काय सापडलं हो?" तिचं बरोबर होतं याचा पुरावाच हातात होता. मी म्हणालो, "काय नाय, रिकामा डबा."