कथेला दहापैकी

प्रभुदास साळवे यांनी सत्तावीस वर्षं मुलांना मराठी शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर ते परग्रहावरच्या माणसांचे पेपर तपासू लागले. हा विनोद त्यांच्या बायकोचा, दयाबाईंचा. खुटबावजवळच्या जुन्या मिशन वस्तीत तो एव्हाना सगळ्यांना पाठ झाला होता.

काम खरंच तसं होतं. पुण्यातली एक कंपनी मोबाईलवर सिनेमे दाखवायची. मोठे सिनेमे तिला परवडत नसत. तिच्याकडे यायचे ते कुठल्या कुठल्या देशांत, आणि अलीकडे आपल्याकडच्या तालुक्यांतूनही, चार-सहा जणांनी हौसेनं केलेले मारामारीचे आणि विज्ञानकथेचे सिनेमे. थर्माकोलची यानं, हेल्मेटला चिकटवलेल्या वायरी, गोळी लागल्यावर पडायला दोन क्षण उशीर करणारे शिपाई. चित्रीकरण आणि आवाज तपासायला वेगळी माणसं होती. प्रभुदासांकडे फक्त कथा. दहापैकी गुण द्यायचे आणि पानभर कारण लिहायचं. पाचाच्या खाली गेलेला सिनेमा कंपनी पुन्हा कधीच घेत नसे.

ते थर्माकोलला कधी हसले नाहीत. "यान थर्माकोलचं आहे ते दिसतंय मला," ते म्हणत, "आतल्या माणसाला घरी जायचंय का, तेवढं दाखवा." एका सिनेमात अख्खी गोष्ट एका खोलीत घडत होती. भिंतीत एक पंखा, तो थांबला की आतल्या तिघांचा श्वास संपणार, हे पहिल्या पाच मिनिटांत सांगून ठेवलेलं. त्याला त्यांनी आठ दिले. दुसऱ्यात तीन शहरं उद्ध्वस्त झाली. त्याला दोन. कारणापुढे लिहिलं, "शहरांत कोण राहत होतं ते कळलं नाही."

शंका आली की दयाबाई. त्या चुलीपुढे, पडद्याकडे पाठ, हातात भाकरी. प्रभुदास लॅपटॉप मोरीच्या कट्ट्यावर ठेवून सिनेमा लावत आणि विसाव्या मिनिटाला बंद करत. "अहो, का थांबवलंत? त्या बाईला तिची पोरगी घावली का?" असं दयाबाईंनी विचारलं की कथेत जीव आहे. त्या नुसत्याच थापत राहिल्या की गेली. तीन वर्षांत ही परीक्षा एकदाही चुकली नव्हती.

त्यांचा एकुलता मुलगा रॉनी शिक्रापूरला एका कारखान्यात कंत्राटावर होता. चौघांत एक खोली, आठवड्याला बदलणारी पाळी, आणि उरलेल्या वेळात सिनेमा. मागच्या नाताळात तो आपला पहिला सिनेमा पेनड्राइव्हवर घेऊन घरी आला होता. चाळीस मिनिटं. संपल्यावर प्रभुदास म्हणाले, "छान."

रॉनी वाट बघत राहिला. मग म्हणाला, "एवढंच?"

"छान जमलंय. पहिलाच आहे ना."

"पप्पा, त्या कुठल्या परक्या देशातल्या थर्माकोलवाल्याला तुम्ही पान पान लिहिता. मला एक शब्द? त्याला माणूस समजता आन् मला पोरगं."

तो जेवण न करता गेला. त्यानंतर आईला फोन यायचा, वडिलांना नाही. वर्ष होत आलं होतं. दयाबाई फोन स्पीकरवर टाकत, आणि शेजारच्या खोलीतून मुलाचा आवाज ऐकत प्रभुदासांनी हे वर्ष काढलं.

आणि एका सोमवारी सिनेमा क्रमांक चारशे अकरा आला. कंपनी करणाऱ्यांची नावं पाठवत नसे. पहिल्याच दृश्यात भांडगावचा कालव्यावरचा पूल दिसला, आणि पुलावरून कारखान्याच्या वॉचमनचा गणवेश घालून जो चालत आला तो रॉनीच्या खोलीतला पप्पू होता.

प्रभुदासांनी सिनेमा थांबवला आणि कंपनीतल्या सविताला फोन लावला. ती सगळ्या तपासणाऱ्यांचं काम वाटायची.

"हा माझ्या मुलाचा आहे, मॅडम. मला हा नको."

"सर, बाकीचे दोघंही सोडून गेले. कथेला आता तुम्हीच आहात. तुम्ही नाही बघितलात तर तो तसाच पडून राहील, आणि महिनाअखेर यादी बंद होतेय." मग ती म्हणाली, "नाव कुठं लिहिलंय त्यावर? बघा तुम्ही."

त्यांनी बघितला. उसात एक यान पडतं. त्यातून सगळं अंग चांदीच्या रंगानं रंगवलेला माणूस बाहेर येतो. तो गावाच्या विहिरीकडे जातो. पप्पू त्याला अडवतो. मग मारामारी. उसातून, कालव्यातून, बंद पडलेल्या गुऱ्हाळातून, पाऊण तास. मारामारी खरीखुरी होती, दोघांचे श्वास ऐकू येत होते. शेवटी पप्पू त्याला मारतो आणि विहिरीच्या काठावर दोन मिनिटं नुसता बसून राहतो. संपलं.

प्रभुदासांनी दुसऱ्यांदा बघितला. चांदीच्या माणसाला विहीर कशाला हवी होती? पप्पू त्याच्याशी जिवावर उदार होऊन का भांडला? जिंकल्यावर रडवेला का झाला?

तिसऱ्यांदा त्यांनी तो चुलीजवळ लावला. काही सांगितलं नाही. पण यान पडल्यावर मागून कुणीतरी "पळा पळा" ओरडलं आणि दयाबाईंचे हात थांबले. "रॉनी हाय हा," त्या म्हणाल्या, आणि वळून परातीसकट पडद्यापुढे येऊन बसल्या. तव्यावरची भाकरी करपली. विसाव्या मिनिटाला प्रभुदासांनी बंद केलं.

"बारीक झालाय का हो तो? आवाजावरनं वाटतंय," दयाबाई म्हणाल्या. चांदीच्या माणसाबद्दल त्यांनी काही विचारलं नाही.

त्या दुपारी प्रभुदास कागद घेऊन बसले आणि कारण लिहिता लिहिता त्यांच्या हातातलं पेन थांबलं. ही चूक त्यांनी कुठंतरी बघितली होती. बघितली कसली, केली होती.

वस्तीच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, नाताळचं नाटक एकोणीस वर्षं त्यांनीच बसवलं. रॉनी त्यात आधी मेंढरू झाला, मग मेंढपाळ, मग राजाचा शिपाई. येशूच्या जन्माच्या त्या नाटकात कुणी कधी सांगायचं नसतं की राजा का चिडलाय, बाई कुठून चालत आलीय, धर्मशाळेत जागा मिळाली नाही तर काय होईल. डोक्यावर पुठ्ठ्याचा मुकुट चढला की पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत सगळ्यांचा श्वास रोखला जातो, कारण गोष्ट सगळ्यांच्या घरात आधीपासून आहे. नाटकवाल्यानं फक्त माणसं आत आणायची आणि बाहेर न्यायची. प्रभुदासांनी मुलाला एवढंच शिकवलं होतं. मुलानं चांदीचा माणूस आत आणला आणि लोकांचा श्वास रोखला जायची वाट बघितली.

त्यांनी सहा लिहिले. खोडले. पाच लिहिले. पाच दिले की सिनेमा लागेल, रॉनीला आनंद होईल, आणि आठवड्यात कुठलं कुठलं पोरगं सिनेमाखाली लिहील की ह्या चांदीवाल्याला पाणी पाजा कुणीतरी. आणि रॉनीला कधीतरी कळेल की पाच कुणी दिले. मग ते दुसरं "छान" ठरेल. तीन दिले तर? तीन दिले तर सगळंच संपेल. संध्याकाळपर्यंत ते त्या दोन आकड्यांमध्ये येरझारा घालत होते. शेवटी त्यांनी पान भरून लिहिलं, आजवर लिहिलं नव्हतं इतकं नीट, आणि वर तीन घातले.

निकाल सिनेमा करणाऱ्याकडे तिसऱ्या दिवशी जातो. त्याआधी आपल्या तोंडानं सांगायचं म्हणून ते दुसऱ्या दिवशी सकाळी चौफुल्यावरून जीपनं शिक्रापूरला गेले.

खोलीच्या दारात पप्पू दाढी करत होता. "या काका! वळखलं का? मी हिरो हाय. ह्याच्या नादानं पुढचा दात गेला बघा माझा. हिरोईन मागितली तर म्हणतो, बजेट न्हाई."

आत रॉनी डबा भरत होता. वडिलांना बघून त्यानं डब्याचं झाकण दोनदा लावलं.

"तुमच्याकडं आला व्हय?" तो म्हणाला.

"आला."

"किती?"

"तीन."

पप्पू तोंडावर साबण तसाच ठेवून नळाकडे गेला. तो बराच वेळ परत आला नाही.

रॉनी खाटेवर बसला. "ठेकेदाराला सांगून टाकलंय मी," तो म्हणाला. "एक तारखेपासनं येत न्हाई म्हणून. मला वाटलं, ह्या टायमाला लागतंय." मग एकदम, "काय लिहिलंत?"

"त्याला विहीर कशाला हवी होती ते कळत नाही, असं लिहिलं."

"कळत न्हाई कसं? त्याच्या हातात बिया हायेत की, पप्पा."

"मला खडे वाटले."

"सूर्यफुलाच्या बिया हायेत त्या. चांदी मारलेली." रॉनीचा आवाज चढला. "त्याला प्यायला नको पाणी. त्याची लोकं हायेत ती. यानात भरून आणलेली. चारशे जण. पाण्यात टाकल्याबिगर उगवत न्हाईत. आन् विहिरीत पाणी किती, गावाला उन्हाळा काढण्यापुरतं. पप्पू त्याला मारतो ना, तवा त्याला हे समदं कळलेलं असतं. कळून मारतो. म्हणून बसतो तिथं. आता पप्पू काय करणार? मेलेल्याच्या मुठीतल्या बिया घेऊन कुठं जाणार तो?"

बाहेर महामार्गावर ट्रकांची रांग अडकून हॉर्न देत होती. तीन वर्षांत प्रभुदासांनी एवढी चांगली गोष्ट ऐकली नव्हती.

"हे सिनेमात कुठं आहे?" त्यांनी हळूच विचारलं.

रॉनी डब्याकडे बघत म्हणाला, "आमच्यात समद्यांना माहीत होतं."

"एक वाक्य असतं तरी..."

"चांदीवाला झालेला विनोद गेला गावाकडं. बिहारला. त्याचा नंबर बी लागत न्हाई. आन् तुमची कंपनी एकदा पाडलेलं परत घेती का?"

"नाही."

"मग झालं की."

प्रभुदासांना वाटलं, आता तरी खरं बोलावं. "ही तुझी चूक नाही, रॉनी. मीच तुला असं शिकवलं. देवळातली नाटकं आठव. मी कधी कुणाला काही सांगितलंच नाही, लोकांना माहीत असायचं. ती सवय माझी."

रॉनीनं वर बघितलं. इतका वेळ तो रागावला नव्हता, आता रागावला.

"तेबी तुम्हीच घ्या," तो म्हणाला. "मार्क बी तुमचे, चूक बी तुमची. मग माझं काय हाय त्यात?"

कोपऱ्यावर कारखान्याची बस आली. रॉनीनं डबा पिशवीत टाकला, गळ्यात ओळखपत्र अडकवलं, आणि चप्पल शोधता शोधता म्हणाला, "आईला सांगा, सिनेमा लागणारे म्हणून. नंतर सांगतो मी काहीतरी." दारातून तो वळला नाही. बसमध्ये चढताना त्याला कुणीतरी हाक मारली, "काय डायरेक्टर!" आणि बस हलली.

पप्पू चहाला थांबा म्हणाला. प्रभुदास थांबले नाहीत. चौकात आल्यावर त्यांना ते सुचलं जे खोलीत सुचायला हवं होतं. गोष्ट तुझी आहे, ती दहाची आहे, मी ती आत्ता ऐकली, एवढंच म्हणायचं होतं. त्यांनी ट्रकच्या सावलीत उभं राहून फोन लावला. कारखान्याच्या गेटवर मोबाईल काढून ठेवायला लावतात, पाळी सुटेपर्यंत परत मिळत नाहीत, हे त्यांना माहीत होतं. बस अजून गेटला पोचली नसेल, या हिशेबानं त्यांनी लावला. पूर्ण वाजून बंद झाला. परत लावला. चौफुल्याची जीप भरून निघाली, पोरगा दारात लोंबकळत "मामा, येताय का?" ओरडला. त्यांनी हातानंच नाही म्हटलं आणि तिसऱ्यांदा लावला.