अप्पांची केळ

निंबोल्याचे समाधान सर दिवसभर बुऱ्हानपूरच्या शाळेत विज्ञान शिकवून घरी येत, तेव्हा त्यांच्यात फक्त खाटेवर पडण्यापुरता जीव उरलेला असे. त्यात यंदा शेतात प्रयोगशाळेत वाढवलेली टिश्यूची नवी रोपं लावायची, म्हणून केळीची जुनी बाग काढायची होती. सगळी निघाली, एक केळ राहिली. तिच्या बुडाशी अप्पांची, म्हणजे सरांच्या वडिलांची, राख घातलेली. माय, धुरपदाबाई, रोज लंगडत तिथं जाऊन बसायची आणि कुणाला हात लावू द्यायची नाही. ठिबकची नळी तिथंच अडली होती.

शेवटी सरांनी थकल्या आवाजात नववीचा धडा मायसमोर काढला.

"माय, पेशी मरते, अणू मरत नाही. राखेतले अणू केळीनं मुळांतून ओढले, त्यांतून आपल्या पेशी बांधल्या, पेशींचे घड झाले. अप्पा आता तिथं नाहीत."

"मंग कुठी हायेत?"

"घडाबरोबर गेले. ट्रकमध्ये."

"मतलब, तू तुह्या बापाले मंडीत इकलं?"

सर धडा पुढं नेत म्हणाले, "थोडे आपणही खाल्ले, माय. तुझ्या पेशींतही असतील."

धुरपदाबाई बराच वेळ गुडघा चोळत राहिली.

"तरीच हा गुडघा मले घडीभर बसू देत नाही," ती म्हणाली. "जिता होता तवाही असंच करे." मग काठी टेकून उठली. "काढ ती केळ. मी कायले तिथं हेलपाटे घालू? तो त घरीच हाये."