सर्वानुमते मंजूर

सटवाचा बेंजो मी पहिल्यांदा केजमध्ये एका वरातीत ऐकला. त्याने पहिला सूर काढला आणि नवरदेवाची घोडी उधळली ती थेट तेलगावला जाऊन थांबली; नवरदेव वर होताच. भटजींचं जानवं आपोआप दुसऱ्या खांद्यावर गेलं आणि माझा डावा कान त्या दिवसापासून फक्त शोभेला उरला. एवढा संहार करून सटवा मलाच विचारतो, "गुरुजी, साऊंड कसा वाटला?"

एकही सूर जागेवर नाही आणि वाजवायची लाज नाही, असा हा माणूस.

दोन हजार तीनच्या दुष्काळात माझा पुण्याचा भाचा एक कॅसेट घरी विसरून गेला. पंक रॉक म्हणतात तसली. तीन सूर, दीड मिनिट, आणि गाणारा गळा फाटेस्तोवर ओरडतोय. सटवाने ती माझ्या ओट्यावर चार वेळा ऐकली.

"गुरुजी, याला वाजवता येत न्हाई."

"तुझ्यासारखंच."

"पर थांबत न्हाई बगा. कावून? याच्या वस्तीवर बी टँकर येत न्हाई वाटतं."

सटवाची वस्ती टँकरच्या यादीत नव्हती. टँकर साखर कारखान्याचे, यादी चेअरमनची. सटवाची बायको विमलबाई रोज चाळीस फूट खोल विहिरीत दगडांच्या खाचांत पाय रोवत उतरायची आणि वाटीवाटीने घागर भरायची. वस्तीला टँकर मिळावा म्हणून सटवाने गाणं करायला घेतलं.

विमलबाई म्हणाली, "तुमचा बेंजो ऐकून हाय ते पानी बी आटंल."

मार्चमध्ये कारखान्याची सभा भरली. आमच्याकडे विषय वाचला की सभासद "मंजूर, मंजूर" ओरडतात. विषय काय होता, ते जेवताना विचारतात. शेवटी 'आयत्या वेळचे विषय' आले, तसा सभासद सटवा बेंजो घेऊन माईकपाशी गेला.

"चारा छावनीतून गेला!"

"मंजूर!" मंडप ओरडला. सवयच ती.

"टँकर बंगल्यावर गेला!"

"मंजूर!" चेअरमनही टाळ्या वाजवत होते.

सटवाचा गळा फाटला होता. "माजी विमल हिरीत उतरती!"

"मंजूर! मंजूर!"

सटवाचा हात पट्ट्यांवरच थांबला. मागून कुणीतरी वन्स मोअर दिला. सटवा बेंजो काखेत मारून मंडपाबाहेर गेला. सेक्रेटरींनी इतिवृत्तात लिहिलं, 'सदर गीत सर्वानुमते मंजूर.'

गाणं लई चाललं. पार उमापूरपर्यंतच्या वराती त्यावर नाचायच्या. विमलबाईची ओळ आली की पोरं खाली बसत बसत नाचायची.

"लोकांना अर्थच कळला नाही रे," मी एकदा म्हणालो.

"कळला की, गुरुजी," सटवा म्हणाला. "मंजूर हाय त्यायला."

विमलबाई सहा मेला विहिरीत पाय घसरून पडली आणि गेली. वस्तीचा टँकर एकोणीस जूनला सुरू झाला आणि पाऊस आला म्हणून बावीसला बंद झाला.